वडिलांचा रकाना

नाव : तायडे बळवंत उत्तमराव. हुद्दा : लोको पायलट (माल). मुख्यालय : जयपूर. वय : अठ्ठेचाळीस वर्षे, सेवापुस्तिकेप्रमाणे. मूळ रहिवास : मलकापूरजवळचे खेडे, जिल्हा बुलढाणा. सध्याचा रहिवास : खातीपुरा, भाड्याचे घर, दुसरा मजला. वैद्यकीय वर्ग : ए-वन, चष्मा नाही, रंगदृष्टी निर्दोष. अवलंबित : पत्नी एक, पुत्र एक. शिक्षा : निरंक. व्यसन : निरंक. छंद : या नमुन्यात रकाना नाही.

छंद होता. मुलाला इंजिन ड्रायव्हर करणे, हा तो छंद. 'लोको पायलट' हा शब्द बळवंत फक्त फॉर्मवर लिहीत असे. बोलताना तो ड्रायव्हरच म्हणायचा, कारण पायलट म्हटलं की लोक विमानाचं विचारतात आणि मग मालगाडीवर यायला फार वेळ लागतो.

रेल्वेची एक रीत आहे. इंजिनातली दोन्ही माणसं समोरचा प्रत्येक सिग्नल मोठ्यानं म्हणतात. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. दोघांना एकच रंग दिसला, की रंग खरा. एकवीस वर्षं हे केल्यावर माणूस घरीही तसाच बोलू लागतो. गौतमी म्हणायची, "आज मीठ कमी पडलं." बळवंत म्हणायचा, "मीठ कमी," आणि मग घास घ्यायचा. बायको जे म्हणाली ते परत म्हटलं की खरं झालं, अशी त्याच्या संसाराची साधारण व्यवस्था होती.

संकल्प सहा वर्षांचा झाल्यापासून सुटीच्या संध्याकाळी बापलेक खातीपुरा स्टेशनच्या पुलावर जाऊन उभे राहत. समोरच्या खांबाकडे बोट करून बळवंत विचारायचा, "कोनता?" पोरगा रंग सांगायचा. बळवंत तो परत म्हणायचा. सुरुवातीला पोरगा चुकायचा. पिवळ्याला हिरवा म्हणायचा, लाल म्हणताना अडायचा. बळवंत रागावत नसे. पुन्हा विचारत असे. पाचवीच्या सुमारास चुका एकाएकी बंद झाल्या. या प्रगतीचं श्रेय बळवंतनं स्वतःच्या शिकवण्याला दिलं आणि पुढं नऊ वर्षं स्वतःकडंच ठेवलं.

आता जन्मतारखेचं. संकल्पचा जन्म चौदा जुलै दोन हजार सातचा, मलकापूरच्या एका प्रसूतिगृहातला. पहिलं बाळंतपण माहेरी, तसं. पण दोन हजार बारा साली बळवंतची बदली फुलेऱ्याहून जयपूरला झाली, आणि सरकारी शाळेत पहिलीला घेताना एकतीस मार्चला पाच वर्षं पूर्ण पाहिजेत असं निघालं. पोरगा साडेतीन महिन्यांनी कमी पडत होता. बळवंतच्या वडिलांनी, म्हणजे उत्तमरावांनी, गावातल्या ओळखीनं हा फरक मिटवला. दाखल्यावर अठ्ठावीस मार्च आली. तेव्हापासून त्या घरात संकल्पचे दोन वाढदिवस होते : एक कागदाचा, एक शिऱ्याचा. कागदाचा शाळेत, आधारकार्डावर आणि रेल्वेच्या पासावर चाले. शिऱ्याचा घरी चाले. साडेतीन महिन्यांनी कोणाचं काय वाकडं झालं, असं बळवंत म्हणत असे, आणि तेरा वर्षं खरोखरच कोणाचं काही वाकडं झालं नाही.

दहावी झाली, आयटीआयची दोन वर्षं झाली, आणि मग संकल्प वर्षभर घरी अठरा व्हायची वाट पाहत बसला. दोन हजार पंचवीसच्या वसंतात तो कागदावर अठरा झाला आणि पाठोपाठ असिस्टंट ड्रायव्हरची भरती निघाली. अट : पहिल्या जुलैला अठरा पूर्ण. खऱ्या तारखेनं पोरगा तेरा दिवसांनी हुकला असता. बळवंतला उत्तमरावांच्या दूरदृष्टीचं फार कौतुक वाटलं. चौदा एप्रिलच्या जयंतीला शहरातली सगळी मराठी रेल्वे कुटुंबं जमली असताना त्यानं माइकवरूनच सांगून टाकलं, की या साली आपला संकल्प फॉर्म भरतो आहे. टाळ्या झाल्या. संकल्प खुर्च्या लावायला निघून गेला. सगळ्या खुर्च्या लावलेल्याच होत्या.

फॉर्म मात्र भरला जाईना.

"भरला का बे?"

"पप्पा, सर्व्हर डाउन आहे."

"आजबी?"

"मतलब, ओटीपी येत नाही."

देशभराची तिकिटं विकणाऱ्या रेल्वेचा सर्व्हर तीन आठवडे फक्त खातीपुऱ्यातल्या एका दुसऱ्या मजल्यापुरता बंद राहिला. नऊ मे रोजी बळवंतनं ठरवलं की फॉर्म आपणच भरायचा, आणि आधारकार्डासाठी पोराची प्लॅस्टिकची फाइल उघडली. आधारकार्डाच्या मागे एक चिठ्ठी होती. शास्त्री नगरातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाची, तीनच दिवसांपूर्वीची. तपासणीचा निकाल त्यात नव्हता, नुसती नोंदणी होती : रुग्णाचा प्रकार, जुना. प्रथम नोंदणी, १९-०९-२०१६.

तीन दिवसांपूर्वी पोरगा डोळे तपासायला गेला, यात नवल नव्हतं. ड्रायव्हरच्या फॉर्मला डोळे लागतात. बळवंतनंच सांगितलं होतं, बाहेरून एकदा दाखवून घे म्हणून. प्रश्न 'जुना' या शब्दाचा होता. नऊ वर्षांचा असताना पोराला डोळ्यांच्या दवाखान्यात कोणीतरी नेलं होतं, आणि ते बळवंतनं नेलं नव्हतं. घरात उरलेली माणसं मोजायला त्याला फार वेळ लागला नाही.

गौतमी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती.

"संकल्पले डोळ्याच्या दवाखान्यात नेलं व्हतं कधी?"

"कधी?"

"तेच इचारून राहिलो."

"लहानपनी नेलं असन एखांद्या बारी. शाळेतून चिठ्ठी आली व्हती. चष्म्यासाठी."

"चष्मा लागला?"

"नाई लागला."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"लागलाच नाई त काय सांगू?"

बळवंतनं हे परत म्हटलं नाही. संसारात प्रथमच. गौतमीला ते ऐकू आलं असावं, कारण तिनं वाळलेली चादर पुन्हा दोरीवर टाकली.

दुसऱ्या दिवशी तो शास्त्री नगरला गेला. रेल्वेचं स्वतःचं इस्पितळ असताना, कार्डावर सगळं फुकट असताना, ही बाई पोराला ई-रिक्षा बदलत इतक्या लांब धर्मादाय दवाखान्यात का घेऊन आली असेल, हे त्याला वाटेत उलगडलं. रेल्वेच्या इस्पितळात सगळे डॉक्टर त्याला नावानं ओळखत होते.

रेकॉर्डच्या खिडकीत मनोहरजी बसत. त्यांचं आडनाव कोणाला लागत नसे, आणि ते स्वतःही खिडकीबाहेरच्या जगाला विशेष लागत नसत. ते अत्यंत सभ्य होते. सभ्य माणसाकडून नकार घेणं किती अवघड असतं, हे बळवंतला त्या दिवशी समजलं.

"आप कौन?"

"बाप. पेशंट का."

मनोहरजींनी नंबर टाकला, चष्मा वर केला. "संकल्प बी. तायडे. जन्म अट्ठाईस तीन दो हज़ार सात." मग बोटांवर मोजलं, संगणकावर विश्वास नसल्यासारखं. "साब, बच्चा तो बालिग हो गया."

"तो?"

"तो अब उसकी चिट्ठी लगेगी. सहमति-पत्र. उसके दस्तख़त."

"मैं उसका बाप हूँ."

"बिलकुल हैं साब. डेढ़ महीना पहले आते तो फ़ाइल आपकी थी, मैं चाय के साथ देता. अब आप रिश्तेदार हैं."

बळवंतला रागावायचं होतं, पण मनोहरजींनी खिडकीतून पाण्याचा ग्लास पुढं केला होता आणि ग्लास हातात धरून ओरडता येत नाही. त्यानं पाणी पिऊन विचारलं, निदान फाइलमध्ये काय आहे एवढं तरी सांगाल का. मनोहरजी म्हणाले की फाइल दोन हजार सोळाची, म्हणजे कागदाची. ती मागच्या गोदामात असेल, आणि त्यांनी स्वतः ती पाहिलेली नाही. पाहिली असती तरी सांगितलं नसतं. त्यात काहीही असू शकतं.

"क्या हो सकता है?"

"कुछ भी, साब. आँखें हैं."

दवाखान्याबाहेरच्या चहाच्या थडीवर, म्हणजे टपरीवर, बळवंत अर्धा तास बसला. हिशेब सोपा होता. पोरगा खरा सतरा वर्षांचा होता. खऱ्या तारखेनं बळवंत अजून बाप होता, पुरते दोन महिने. पण हे खिडकीवर सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार होतं, की तेरा वर्षं आपण शाळेला आणि रेल्वेला खोटी तारीख देत आलो. आणि रेल्वे ही सगळं माफ करणारी संस्था असली, तरी लिहून दिलेलं माफ करत नाही. नोकरीची बारा वर्षं बाकी होती.

तेव्हा सोपा मार्ग, पोराची सही. त्यानं छापील सहमति-पत्र घरी आणलं आणि जेवणाआधी संकल्पच्या पुढं ठेवलं.

"सही कर."

संकल्पनं ते वाचलं. तो देवनागरी हिंदीच्या अंगानं वाचत असे, ओठ हलवत.

"नाही करणार, पप्पा."

"काहून?"

"बस, असंच."

"कोनता रोग हाय बे तुले? मले सांग. म्या काय मारतो का?"

"रोग नाहीये. मतलब... रोग नाही म्हणतात त्याला."

"मंग सही कर."

"पप्पा, त्यात मम्मीची पण साइन आहे. मी नाही देणार."

असा तो घरातला पहिला नकार होता आणि तो कायदेशीर होता. अठरा वर्षं पूर्ण केलेल्या इसमाला आपले वैद्यकीय कागद आपल्या बापापासून राखून ठेवण्याचा हक्क आहे. हा हक्क संकल्पला, खरं पाहता, बळवंतनंच साडेतीन महिने आधी मिळवून दिला होता.

मग गौतमी स्वयंपाकघरातून आली आणि ओट्याचं फडकं हातात तसंच धरून खाली बसली.

"त्याले नका इचारू. मले इचारा."

"तुले इचारलं व्हतं. तू चष्मा म्हणली."

"रंग," ती म्हणाली. "त्याले लाल-हिरव्यातला फरक कयत नाई. जलमापासून. डाक्टरनं ठिपक्याचं पुस्तक दाखवलं, त्यातले आकडे त्याले दिसलेच नाई. औषध नाई म्हने. चष्मा नाई. वाढत नाई, कमी होत नाई. ड्रायव्हर, पोलीस, फौज, हे सोडून काईबी करू द्या म्हने."

संकल्प सहमति-पत्राची घडी घालत होता, मग उलगडत होता.

"आन् तुले तवाच मालूम झालं. नऊ साल."

"हो."

"मले काहून नाई?"

"ते आईकडून येतं म्हने पोराले. माह्या दादालेही हाय ना. त्यानं मिरचीचा धंदा सोडून कापूस धरला, तो काय कापसाच्या प्रेमात पडून? तुमी त्याले हसले व्हते लग्नात, पिकली मिरची ओळखत नाई म्हनून. म्या कसं सांगू, की तुमचा पोरगाबी तसाच, आन् तो माह्याकडूनच तसा?"

"म्या हसलो म्हनून नऊ साल?"

"पहिले वाटलं, सांगू दिवाळीले. मंग तुमाले ड्युटी लागली. मंग वाटलं, पोरगं मोठं होईन, त्याले दुसरंच कायतरी आवडंन, तुमीबी इसरान. तुमी इसरलेच नाई."

बळवंतच्या मनात तोवर एक साधी शंका तयार झाली होती. एकवीस वर्षं सिग्नल पाहणाऱ्या माणसाच्या मनात ती इतक्या उशिरा यावी, याचीच त्याला शरम वाटली.

"पुलावर त बरोबर सांगे."

गौतमीनं हातातलं फडकं मांडीवर ठेवलं.

"संकल्प. पुलावर तू बरोबर सांगायचा."

"वरचा लागला की हिरवा," संकल्प खाली बघत म्हणाला. "मधला पिवळा. खालचा लाल. मी लाइट बघायचो, पप्पा. कलर नाही."

"कोनं शिकोलं?"

"म्याच शिकोलं," गौतमी म्हणाली. "तीन डबे मांडून. वर हळदीचा, मधात तिखटाचा, खाली मिठाचा. डब्यावर बोट ठेवलं की त्यानं सिग्नल सांगायचा. चार दिवसात शिकला."

"तुम्ही खूप खुश व्हायचे," संकल्प म्हणाला. "मतलब, मी चुकलो की तुम्ही परत परत विचारायचे ना. मला ते नको वाटायचं. मम्मीने सांगितलं, असं म्हण, मग विचारणार नाहीत. आणि मग तुम्ही मला कुल्फी दिली."

पुलावरच्या शंभरेक संध्याकाळी अशा रीतीनं दोन मिनिटांत रद्द झाल्या. बळवंत म्हणायचा 'हिरवा' आणि पोरगा म्हणायचा 'हिरवा', आणि दोघं एकच गोष्ट कधीच पाहत नव्हते. इंजिनात असं घडलं तर चौकशी लागते.

"आन् परवा काहून गेला व्हता दवाखान्यात?"

"बघायला. वाटलं, आता ठीक झालं असेल. लहान होतो ना तेव्हा." त्यानं कागदाची पुन्हा घडी घातली. "नाही झालं."

त्या रात्री बळवंत जेवला नाही. सकाळी ड्युटीवर गेला. फॉर्मची मुदत त्याच महिन्यात संपली. ओळखीचे लोक विचारत, "भरला का फॉर्म?" बळवंत म्हणायचा, "फॉर्म," आणि पुढं जायचा.

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की आता फाइलचं काम संपलं. जे फाइलमध्ये होतं ते घरात कळलं. बळवंतचं तसं नव्हतं. गौतमीनं सांगितलं ते खरं मानायला त्याची हरकत नव्हती. पण नऊ वर्षं तो तिचं सगळंच खरं मानत आला होता, आणि ही पद्धत बदलायची वेळ आली होती. एवढंच लपवलं, की आणखी काही? हे घरातल्या कोणाला विचारून उपयोग नव्हता, कारण उत्तर घरातलंच माणूस देणार. त्याला कोणाच्या तरी शिक्क्याखालचा कागद पाहिजे होता. आणि त्याला तो बाप म्हणून पाहिजे होता. पोराच्या मेहरबानीनं नको होता.

जून अर्धा सरल्यावर तो जवाहर नगरात उमाकांत काकांकडे गेला. उमाकांत काका मूळचे सोलापूरचे, रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि जयपुरातल्या मराठी माणसांचे सगळे अर्ज तेच लिहीत. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही असं लिहून देणार, की माझा मुलगा अल्पवयीन आहे, पालक या नात्यानं त्याचे वैद्यकीय कागद मिळण्याचा मला हक्क आहे, आणि वयाच्या पुराव्यादाखल प्रसूतिगृहाचं मूळ कार्ड जोडत आहे?"

"जोडत हाय."

"आणि शाळेतली तारीख?"

"खोटी व्हती म्हनून लिहा."

"बळवंतराव, पस्तीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहितोय. रजेचे, बदलीचे, सासूच्या तेराव्याचे. प्रत्येक अर्ज निदान अर्ज करणाऱ्याच्या बाजूनं असायचा. स्वतःविरुद्ध अर्ज करणारे तुम्ही पहिले. हा कागद उद्या तुमच्या ऑफिसात पोचला तर?"

"पोचू द्या."

"अहो, पण घरात काय झालं ते तर कळलंय तुम्हाला. आता काय बघायचं राहिलंय?"

"तेच बघाचं हाय, काय राह्यलं."

उमाकांत काकांनी लिहिलं. झकास लिहिलं. 'सबब', 'उपरोक्त', 'विनाविलंब' हे शब्द हिंदीतही चालतात याचा त्यांना आनंद झाला. असे कागद अर्जापासून बहात्तर तासांत द्यायचे असतात, हेही त्यांनी खाली रेघ मारून घातलं.

प्रसूतिगृहाचं कार्ड गौतमीच्या पत्र्याच्या पेटीत होतं. तिनं ते काढलं, पण हातात धरून ठेवलं.

"हे दिलं त तुमची नोकरी अडचनीत येईन."

"येऊ दे."

"समदं सांगतलं ना म्या. आता फाइल कायले पाहिजे?"

"समदं सांगतलं असन, त पाहून काय बिघडते?"

"नका पाहू," ती म्हणाली. "म्या हात जोडतो."

वऱ्हाडात बायका 'जोडतो' म्हणतात, आणि गौतमी एरवी हात जोडणाऱ्यांतली नव्हती. बळवंतनं कार्ड तिच्या हातातून सोडवून घेतलं. तिथं त्याची खात्री पटली की काहीतरी उरलं आहे.

वीस जूनला अर्ज दाखल झाला. मनोहरजींनी तो दोनदा वाचला, शिक्का मारला आणि कौतुकानं म्हणाले, "साब, ऐसी अर्ज़ी मैंने नहीं देखी." आता बहात्तर तास. हे तास कुठून मोजायचे याबद्दल दवाखान्याचं स्वतःचं मत होतं. तिथं ते फाइल सापडल्यापासून मोजत. फाइल गोदामात होती, गोदामाची किल्ली ज्या माणसाकडे होती तो लग्नाला गेला होता, आणि लग्न बाडमेरला होतं. बळवंत दर चौथ्या-पाचव्या दिवशी खिडकीवर जाई. मनोहरजी पाणी देत.

चौदा जुलै उजाडली. गौतमीनं शिरा केला. बळवंतनं त्या दिवशी मागून घेऊन ड्युटी लावून घेतली होती. संकल्पनं शिऱ्याची वाटी झाकून ठेवली. ती दुसऱ्या दिवशी गौतमीनं खाल्ली.

फाइल सोळा जुलैला सापडली. रुग्णालयानं बहात्तर तासांचा नियम काटेकोर पाळला आणि अठराला उत्तर लिहिलं. पोस्टानं ते एकवीसला आलं. हिंदीत होतं, त्याचा सारांश असा :

एक. आपण जोडलेला वयाचा पुरावा ग्राह्य धरण्यात येत आहे. त्यानुसार रुग्णाने दिनांक १४-०७-२०२५ रोजी अठरा वर्षे पूर्ण केली आहेत. सबब पालक या नात्याने कागदपत्रे देता येत नाहीत.

दोन. तसेच मूळ फाइल तपासली असता, नोंदणीच्या वेळी रुग्णाच्या आईने लिहून दिल्याप्रमाणे रुग्णाचे वडील मयत आहेत. सबब अर्जदाराने रुग्णाशी असलेले आपले नाते प्रथम सिद्ध करावे.

बळवंतनं पत्र दारातच उभ्यानं वाचलं. मग खुर्चीवर बसून वाचलं. मग ते टेबलावर गौतमीसमोर ठेवलं आणि दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं.

तिला हिंदी वाचता येत होतं. तिनं वाचायला जेवढा लागतो त्याहून जास्त वेळ घेतला.

"त्याईनं दोघाईची सही मांगतली," ती म्हणाली. "म्हने लहान पोरगं हाय, बापाले बोलवा, नाईतर नंबर द्या, आमी फोन लावतो. नंबर दिला असता त तुमाले कयलं असतं."

"मंग?"

"मंग म्या सांगतलं, वारले. त्याईनं लिहून मांगतलं. म्या लिहून देल्लं."

"लिहून."

"हो."

"पोरापुढं?"

"तो बाजूले बसला व्हता. त्याले म्या सांगतलं, खोटंच हाय, घरी बोलू नको."

बळवंतनं संकल्पकडे पाहिलं. संकल्पनं मान हलवली. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, दवाखान्याच्या बाकावर बसला होता, आणि बाप वारला हे त्यानं कानांनी ऐकलं होतं. मग तो आईबरोबर ई-रिक्षात बसून घरी आला आणि कोणाला बोलला नाही. त्यानंतरच्या रविवारी बापाबरोबर पुलावर गेला असणार.

"कायनं मेलो म्हनून लिहिलं?" बळवंतनं विचारलं.

"अटॅक," गौतमी म्हणाली. "आदल्या साली."

तो उठला. ड्रायव्हर लोक आपापल्या फेऱ्यांची डायरी ठेवतात. बळवंतच्या डायऱ्या कपाटाच्या वरच्या खणात सालवार लावलेल्या होत्या. त्यानं दोन हजार सोळाची काढली, सप्टेंबर उघडला आणि दवाखान्यातल्या नोंदणीच्या दिवसावर, एकोणीस तारखेवर, बोट ठेवलं. नोंद त्याच्याच अक्षरात होती. त्या दिवशी त्यानं फुलेऱ्याहून रिकाम्या डब्यांची मालगाडी आणली, संध्याकाळी सहा दहाला ड्युटी संपवली, आणि साडेसातला तो घरी जेवायला बसला.